काठावरची जागा

मला गळा नाही, तरी हार घातलाय. तो आधी काढा. झेंडूमुळे सुतळीला मुंग्या लागतात. समोरचा मखमली दोरही बाजूला करा आणि खुशाल बसा माझ्यावर, मी मोडत नाही. मी बाज आहे. माणसांनी दमून अंग टाकावं एवढ्यासाठी मला केलं, आणि इथं लातूरच्या गार हॉलमध्ये माझ्यावर माशीसुद्धा बसू देत नाहीत.

माझ्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'याच बाजेवर घडले हरिओम सर.' खोटं नाही ते. पण माझ्यावर एकटा हरिओम निजत नव्हता, तिघं निजायची. त्या तिघांचं सांगायला दुसरं कुणी तयार दिसत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतंय.

माझे पाय बाभळीचे, कडेचे आडवे गाते लिंबाचे आणि अंग अंबाडीच्या सुतळीचं. किल्लारीकडच्या एका गावात सटवाजीच्या दारात बसून दस्तगीरनं मला विणलं. तो औशाहून सायकलवर यायचा, मागे सुतळीची बंडलं बांधून. सटवाजीची बायको धोंडाबाई पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते आणि बाळंतिणीला बाज हवी म्हणून सटवाजीची घाई चालली होती.

"दस्तगीरभाई, मधी झोळ नगं राहू द्या," सटवाजी म्हणाला.

"झोळ तर पडणारच, भाऊ. बाज हाय, फळी न्हाई. मधी निजंल त्याला पाळणा, कडंला निजंल त्याला लाकूड."

दोघंही हसले. सटवाजीनं त्याला चहा पाजला आणि मला उचलून घरात नेलं.

त्या घरातली तिन्ही लेकरं माझ्यावरच पहिल्यांदा निजली. खाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा-बाळंतशेपांचा धूर आणि मध्ये मी शेकून निघालेली. थोरला बसवंत झाला तेव्हा गावभर पेढे वाटले. दोन वर्षांनी गुणा झाली तेव्हा 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणून लोक मोकळे झाले, पेढ्यांचं कुणाला आठवलं नाही. मधलं एक लेकरू गेलं आणि गुणा चार वर्षांची असताना हरिओम झाला. मग पुन्हा पेढे.

तिघं जरा मोठी झाल्यावर मला त्यांच्या हवाली केलं. आता कोण कुठं निजायचं हे कुणी ठरवलं, असं विचाराल तर कुणीच नाही. घरात अशा गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत. बसवंत थोरला, त्याला हातपाय ताणून निजायची सवय, म्हणून अर्धी बाज त्याची. हरिओम धाकटा, तो पडेल म्हणून मधला झोळ त्याचा. उरला तो काठ गुणाचा. झोळ असा की कडेचं माणूस मध्ये घरंगळणारच. पण गुणा घरंगळली की हरिओम रडायचा आणि बसवंत झोपेतच ओरडायचा, "गुणे, सरक." सरकायला जागा नसली तरी ती सरकायची. रात्रभर गात्याला धरून राहायची. सकाळी तिच्या दंडावर लाकडाचा वळ असायचा.

खोटं कशाला बोलू, तिघं सुखी होती. गुणाही होती. पावसात माळवद गळायला लागलं की तिघं एका वाकळेत शिरायची. गुणा कुठल्या कुठल्या गोष्टी रचून सांगायची, बोलणाऱ्या म्हशीची, विहिरीतल्या गावाची, आणि बसवंत मोठा असून "मग? मग?" करायचा. ओच्यात लपवून आणलेल्या शेंगा ती सोलायची, दाणे दोघांना द्यायची आणि टरफलं उचलून टाकायची. हसता हसता तिघांना उचक्या लागायच्या. भावंडांचं सुख असतं, अगदी भरपूर असतं. फक्त ते सगळ्यांच्या ताटात सारखं पडत नाही, आणि ज्याला कमी पडतं तोच वाढणारा असतो.

धोंडाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माझी गुणा लई समजूतदार हाय." हा शब्द मी तेव्हापासून ऐकतेय. ज्याच्या हातून काही काढून घ्यायचं असतं त्याला घरातली माणसं समजूतदार म्हणतात.

मग भूकंपाचं साल आलं. गणपती बुडवून गाव उशिरा घरी परतलं होतं. पोरं नाचून दमली होती, आत उकडत होतं, म्हणून सटवाजीनं मला अंगणात काढलं. तिघं आडवी झाली आणि पडल्या पडल्या गाढ झोपली. मध्यरात्रीनंतर कधीतरी बसवंतनं कूस बदलली, पाय झटकला आणि गुणा खाली पडली. तिची झोप धड मोडलीसुद्धा नाही. हे नेहमीचंच होतं. तिनं चाचपडत पोतं ओढलं आणि माझ्या शेजारी जमिनीवरच निजली.

पहाट व्हायच्या आधी जमीन गुरगुरली. काय झालं ते तुम्ही ऐकलंय, मी पुन्हा सांगत नाही. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं छत. सटवाजी आतच राहिला. धोंडाबाईला दुपारी जिवंत काढलं. अंगणाची भिंत आमच्याकडे कोसळली आणि तिचे दगड जमिनीवरून घरंगळत आले. माझे पाय उंच, दगड माझ्या खालून गेले. वर निजलेल्या दोन्ही पोरांना ओरखडासुद्धा आला नाही. खाली निजलेल्या गुणाचं उजवं पाऊल चिरडलं.

लोक म्हणाले, बाजेनं पोरं वाचवली. कुणी मला हळद-कुंकूही वाहिलं. गुणा खाली का होती, हे कुणी विचारलं नाही. गावात इतकी माणसं गेली होती, त्यात एका पोरीच्या पावलाचं काय!

तंबूतल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पुन्हा दाखवायला आणा म्हणून बजावलं. दाखवायच्या दिवशी हरिओमला ताप होता. धोंडाबाई एकटी, पांढरं कपाळ अजून तिलाच सवयीचं झालं नव्हतं. ती कुणाकुणाकडे पुरी पडणार? "गुणे, उद्या जाऊ," ती म्हणाली. गुणा समजूतदार. उद्याचं परवा झालं, पाऊल वाकडंच जुळलं, आणि ती लंगडायला लागली. पत्र्याच्या शेडमधून आम्ही नव्या गावात गेलो, सारख्याला सारखी घरं, सरळ रस्ते. शाळा दुसऱ्या टोकाला होती. लंगडत कुठं जाती रोज, म्हणून गुणाची शाळा सुटली. हरिओमला मात्र बसवंत खांद्यावर बसवून शाळेत नेऊ लागला.

बसवंतला वाईट म्हणू नका. वडिलांच्या जागी तेरा वर्षांचं पोर उभं राहिलं, त्यानं औत धरलं आणि शाळा सोडली. पण त्याचं सोडणं गावाला दिसलं, 'केवढा कर्ता पोरगा' असं झालं. गुणाचं सोडणं कुणाला दिसलंच नाही.

हरिओम डोक्यानं चांगला निघाला. दहावीला तालुक्यात नाव झालं आणि घरात एकच चर्चा सुरू झाली, लातूर. तेव्हा लातूरला पोरांचे लोंढेच येत होते. देगलूर, माहूर, चाकूर, कुठून कुठून बाप आपलं पोर घेऊन यायचा, क्लासची बॅच गाठायचा आणि एखाद्या चाळीत खोली बघायचा. पोराबरोबर घरातली एक बाई यायची, आई नाहीतर आजी, भाकरी थापायला. गल्लीत एका रांगेत दहा-दहा स्टोव्ह फरफरायचे. हरिओमबरोबर कोण जाणार, याला धोंडाबाईला फार विचार करावा लागला नाही.

"गुणा जाईल संगं. तशीबी ती बसूनच हाय."

मला टेम्पोवर उलटं बांधलं आणि आम्ही तिघं लातूरला आलो. खोलीत मी मावले की चालायला जागा उरत नसे. माझ्यावर हरिओम निजायचा, खाली सतरंजीवर गुणा. आता तर तिच्या वाट्याला काठही नव्हता. पहाटे ती आधी उठून त्याला उठवायची, चहा द्यायची, डबा भरायची, तो क्लासला गेला की माझी पायथ्याची दोरी ओढून ताण द्यायची, त्याला नीट झोप लागावी म्हणून. थंडीत तिचं पाऊल ठणकायचं. ती ते माझ्या पायाला घट्ट टेकवून बसायची आणि कण्हायची, तो नसेल तेव्हाच.

त्या खोलीत तिच्या आयुष्यातलं एक स्थळ चालून आलं. चाकूरचा सिद्धराम, शिंप्याचं दुकान होतं, बायको वारली होती. त्यानं गुणाला मोंढ्यात भाजी घेताना पाहिलं आणि बसवंतकडे रीतसर माणूस पाठवला. लंगडेपणाचं त्याला काही नव्हतं. "मशीन पायानं मी चालवतो, तिला कशाला पाय लागतो," असं म्हणाला म्हणे. गुणा महिनाभर गुणगुणत होती. कपड्याची घडी घालताना शिवण उलटून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

पण हरिओमची बारावी होती. एका संध्याकाळी बसवंत विचारायला आला, तेव्हा हरिओम माझ्यावर पुस्तक घेऊन बसला होता.

"अण्णा, अक्का गेली तर माझं कसं व्हायचं?" हरिओमच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं ते. तो सतरा वर्षांचा होता आणि त्याला भूक लागायची.

बसवंतनं बहिणीकडे पाहिलं. "गुणे, तू काय म्हणतीस?"

तिनं काय म्हणायचं? ज्या पोरीला आयुष्यभर "सरक" एवढंच ऐकवलं, तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिला तेवढंच येत होतं. "परीक्षा होऊ द्या," ती म्हणाली.

परीक्षा झाली. मार्क कमी पडले आणि हरिओमनं पुन्हा एक वर्ष बसायचं ठरवलं. सिद्धरामनं वाट पाहिली, मग घरच्यांनी त्याचं दुसरीकडे जमवलं. गुणानं त्या दिवशी भाकरी करपवली. हरिओम रागावला, आणि तिनं दुसरी थापून दिली.

हरिओम डॉक्टर झाला नाही. पण त्याला एक हुशारी सुचली. ज्या गावात सगळे विहिरीत उड्या मारायला येतात तिथं आपण दोर विकावा. तो शिकवायला लागला, शिकवायचा चांगला, पोरं वाढली, हॉल झाला, मग चार मजले झाले. बसवंत गावाकडे शेती बघत राहिला. धोंडाबाई गेली. हरिओमचं लग्न झालं, एक मुलगी झाली, तनुजा. दुसरं लेकरू त्यांनी होऊ दिलं नाही, वेळ नव्हता. आणि वरच्या दोन मजल्यांवर मुलींचं हॉस्टेल निघालं तेव्हा मेस कुणी सांभाळायची, याला पुन्हा कुणाला विचार करावा लागला नाही.

गुणा आता पातेली-पातेली आमटी करू लागली. मुली तिला मावशी म्हणायच्या. ती सरांची सख्खी बहीण आहे हे कुणी लपवलं नाही, पण कुणी सांगितलंही नाही. ती स्वयंपाकघरामागच्या कोठीत पिठाच्या डब्यांशेजारी फरशीवर निजायची. मी गच्चीवर होते. आधी माझ्यावर कांदे वाळले, मग बटाट्याची पोती आली, मग कुणीतरी मला भिंतीला उभं करून टाकलं. गरज सरो, वैद्य मरो. ऊन-पावसात माझी सुतळी काळी पडली.

आत्याकडे रोज येणारं माणूस एकच, तनुजा. शाळेतून आली की दप्तरासकट कोठीत. घरात तिला कायम ऐकवायचे, "एकुलती एक हायस, तुला वाटून खायचं कसं कळणार?" आणि ती आपल्या डब्यातला अर्धा शिरा आत्यासाठी राखून आणायची.

गेल्या हिवाळ्यात गुणाच्या कंबरेनं आणि पावलानं एकदमच संप केला. तिनं हरिओमला गाठलं. आयुष्यात तिनं मागितलेली ही पहिली वस्तू.

"हरी, गच्चीवरली बाज खाली आणू का? फरशी लई गार लागून राहिली. तशी ती पडूनच हाय."

"हाव की, अक्का. घे की," तो म्हणाला, आणि मला बघायला स्वतः वर आला. मला आडवं केलं, बसला, सुतळीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळानं खाली गेला.

गुणानं कोठी झाडून घेतली. डबे एका बाजूला सारले, माझ्या मापाची जागा केली, गोधडी धुऊन वाळत घातली. मला न्यायला माणसं आली. पण जिन्यावरून ती कोठीकडे वळलीच नाहीत. मला घासलं, पॉलिश केलं, नव्या सुतळीनं विणून घेतलं आणि या हॉलमध्ये आणून ठेवलं. भोवती मखमली दोर, मागे पाटी. हरिओमला दिसलं होतं की ही बाज म्हणजे आपली सगळी गोष्टच आहे. आणि गोष्ट असली की ॲडमिशन होतात.

गुणा दारात येऊन बघून गेली. "तुला नवा पलंग घेऊन देतो, अक्का," हरिओम म्हणाला. "नांदेडची ब्रँच एकदा उभी राहू दे." तिनं मान हलवली. धुतलेली गोधडी तिनं पुन्हा फरशीवर अंथरली.

नांदेडच्या ब्रँचचा कार्यक्रम याच हॉलमध्ये झाला. पालकांनी खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसवंत. मागच्या दाराशी मेसच्या बायका चहाची किटली घेऊन उभ्या, त्यांच्यात गुणा. हरिओम बोलायला उठला आणि माझ्यावर हात ठेवला.

"पालकहो, सुख कशात असतं ते मला या बाजेनं शिकवलं. आम्ही तीन भावंडं एका बाजेवर निजायचो. जागा नव्हती, पण सुख होतं. वाटून खाणं, एकमेकाला सांभाळून घेणं, हे भावंडांत वाढलेल्या लेकराला शिकवावं लागत नाही. त्या पहाटे आम्ही तिघं हिच्यावरच निजलो होतो. आणि डोळे उघडले तेव्हा... अक्का बाजेवर नव्हती."

पुढं त्याला बोलवेना. तो खाली बसला आणि रुमालानं डोळे पुसू लागला. रडणं खरं होतं, याचाच तर मला संताप आहे. सूत्रसंचालक हुशार माणूस, त्यानं माईक घेतला. "भूकंपानं सरांचे वडील नेले, लाडकी बहीण नेली, पण सर खचले नाहीत!"

टाळ्या पडल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी हरिओमकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. बसल्या जागेवरून हात वर केला असता तरी पुरलं असतं. त्यानं मान खाली घातली. पहिल्या रांगेत बसवंतची चुळबुळ झाली, फेटा सारखा केला आणि तोही बसून राहिला. मागे गुणाच्या हातातली किटली वाकडी झाली, चहा तिच्या पायावर सांडला, त्याच पायावर. शेजारची बाई म्हणाली, "अगं मावशे, ध्यान कुठं हाय?"

त्यानंतर जेवणं. आता यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण तिनं सगळ्यांना वाढलं. सूत्रसंचालक बोटं चाटत म्हणाला, "मावशी, आमटी लई भारी झाली. अजून एक भाकर द्या." तिनं दिली.

पंगत उठल्यावर ती हॉलमध्ये आली. हात अजून ओले होते. मखमली दोराखालून वाकून आत आली आणि माझ्यावर आडवी झाली. कितीतरी वर्षांनी मला तिचं वजन कळलं. अख्खी बाज रिकामी होती, आणि बाई काठावर निजली, गात्याला धरून.

दोघं भाऊ शोधत आले. "अक्का, उठ," हरिओम हळूच म्हणाला. "फोटोवाले येऊन राहिलेत."

"मेलेल्या माणसाला उठवत न्हाईत, हरी."

"ते मी कुठं म्हणलो? त्याच्या तोंडून निघालं. भरल्या सभेत मधीच उठून कसं सांगावं?"

"गुणे, जाऊ दे की," बसवंत म्हणाला. "त्याच्या इज्जतीचा सवाल हाय. तू तर समजूतदार हायस."

ती उठून बसली. मी त्या घरात जन्मभर आहे, पण तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "अण्णा, त्या दिवशी मी बाजेवर का नव्हते, तुला ठाऊक हाय. लाथ तुझी होती. मी आजपतोर तोंडातून काढलं का? झोपेतली लाथ, तिचा राग कशाला धरायचा. पण आज दिवसाढवळ्या, भरल्या सभेत ढकललं मला. आज तर तुम्ही दोघंबी जागे होता."

बसवंतनं फेटा काढून हातात घेतला. हरिओमला काही कळलं, काही कळलं नाही, तो एकदा भावाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात तनुजा आली. तिनं दोर उचलून बाजूला फेकला.

"आत्या, सरक."

गुणा सवयीनं काठाकडे सरकली. तिकडे आता खाली पडायचंच बाकी होतं.

"तिकडं न्हाई गं. मधी हो. काठावर मी बसते."

गुणाला आधी समजलंच नाही. तनुजानं तिला खांद्याला धरून मध्ये ओढलं आणि स्वतः लाकडावर टेकली. माझ्या झोळात गुणा पहिल्यांदा आली. इतका वेळ कोरडी असलेली बाई तिथं ढसाढसा रडली. भावंडांत वाढलेले दोघं समोर खांबासारखे उभे, आणि जिला वाटून खायला कळत नाही ती एकटी पोर तिची पाठ चोळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणा देगलूरच्या एसटीत बसली. पूर्वी इथल्या मेसमध्ये पार्वतम्मा म्हणून एक बाई होती, ती तिकडे एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिच्या ओळखीनं काम लागलं, पगार आणि एक खोली. हरिओम स्टँडवर गेला नाही. त्या दिवशी मेसमध्ये काय करायचं या गडबडीत तो होता.

आता मी इथं आहे. सूत्रसंचालकाचं ते वाक्य क्लासच्या नव्या माहितीपत्रकात छापून आलंय, वडील गेले, बहीण गेली, सर खचले नाहीत. हरिओमनं ते खोडायला सांगितलं नाही. दिवाळीत भाऊबीजेला त्यानं देगलूरला फोन लावला होता, माझ्यासमोरच उभा राहून. "अक्का, ओवाळायला येतीस का?" तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन खिशात ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि बराच वेळ भिंतीवरची पाटी वाचत उभा राहिला. तनुजा मात्र दर सुट्टीला देगलूरला जाते, बापाला विचारत नाही.

पालक येतात, मला हात लावतात आणि हळहळतात, "आमचं एकच हाय हो. भावंडं असती तर सुखी झालं असतं." त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं असतं तर मी विचारलं असतं, कोणतं? थोरलं, धाकटं की तिसरं? एका घरात, एका बाजेवर, एकाच आईची लेकरं, आणि दोघांना जे सुख म्हणून आठवतं ते तिसरीच्या हाडांत दुखणं म्हणून राहिलंय.

माझं एकच मागणं आहे. मला या दोरातून सोडवा आणि एखाद्या बाळंतिणीला देऊन टाका, निखाऱ्याची ऊब मला अजून सोसेल. तिला एक होवो, दोन होवोत, चार होवोत. पण बाई, लेकरं निजली की रात्री एकदा उठत जा, दिवा घेऊन जवळ ये आणि काठावर कोण आहे ते बघ. रोज तेच दिसलं, तर त्याला समजूतदार म्हणू नकोस. उचल आणि मध्ये घे.